संडासात पाणी वाचवू नका

अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या संडासाच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ असं रंगवलेलं असेल, तर ते पुसून टाका. चार-पाच वर्षांच्या मुलाला ते वाचता येत नाही. पण ताईंनी वाचून दाखवलं की ते शब्दशः धरून बसतं. शी झाल्यावर अर्धा मग पाणी टाकून बाहेर येतं, पुढचं मूल वासाने दारातूनच मागे फिरतं. मग शू दाबून धरायची, शू लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही, आणि मागोमाग लघवीला जळजळ, शी घट्ट होणं.

गावाकडच्या जास्त उताराच्या भांड्याला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. शहरातल्या जुन्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा लिटरच्या आसपास जातं. म्हणजे हे भांडं मुळातच काटकसरी आहे, फक्त ते दोन लिटर एका दमात पडायला हवेत. अर्धा-अर्धा मग चार वेळा टाकला तर ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीतलं पाणी नुसतं हलतं, मैला पुढे ढकलला जात नाही. आणि बसायच्या आधी अर्धा मग पाणी टाकून भांडं ओलं करायचं. कोरड्या भांड्याला मैला चिकटतो आणि मग तो काढायला बादलीभर पाणी लागतं. खरी बचत त्या पहिल्या अर्ध्या मगात आहे.

अडचण बादलीची असते. मोठी बादली तळाला गेली की लहान मुलाचा हात पोचत नाही, भरलेली असली तर उचलत नाही. त्यापेक्षा तीन लिटरची छोटी बादली ठेवा, आत दोन लिटरच्या खुणेवर ऑइल पेंटची लाल रेघ मारा. रेघेपर्यंत भरायची, दोन्ही हातांनी धरायची, ओतायची. हे आधी करून दाखवा. भांड्यात ओल्या मातीचा लिंबाएवढा मऊ गोळा टाका. एकदा बारीक धारेने पाणी घाला, एकदा रेघेइतकं सगळं एकदम. पाच-पाच मुलं घेऊन केलं की वेगळं सांगावं लागत नाही. रेघेच्या वरही जायचं नाही, हेही त्यातच शिकवा. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, जास्त ओतलं की मैला साठतो तो शोषखड्डा ओलाच राहतो. भांडं साफ करायला ॲसिड कधीच नको, खड्ड्यात, मैल्याचं खत करणारे जिवाणू मरतात. कुरकुऱ्याचं पाकीट ट्रॅपमध्ये अडकतं, म्हणून दाराबाहेर कचऱ्याचा डबा हवाच.

धुताना हात पुढून मागे न्यायचा. मुलींना हे बाहुलीवर दाखवा, लाजायचं काही कारण नाही.

‘पाणी वाचवा’ची खरी जागा हात धुवायच्या नळापाशी आहे. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ साबण चोळायच्या वीस सेकंदांत दोन लिटर पाणी वाया घालवतो. संडासात ज्याच्यासाठी आपण हात आखडतो, नेमकं तेवढंच! म्हणून क्रम पाठ करून घ्या: हात ओले, नळ बंद, साबण, बोटांच्या बेचक्या, मग नळ सुरू. नळ मुलाच्या कमरेच्या उंचीवर हवा, नाहीतर पाणी कोपरावरून बाहीत जातं आणि मूल हात धुवायचं टाळतं. साबणाचे तुकडे करून जुन्या मोज्यात बांधून टांगा. उघड्यावरची वडी मोरीत पडते किंवा कावळा नेतो.

नळ गळत असेल तर त्याखाली बाटली लावून मधल्या सुट्टीत मुलांना दाखवा, आणि त्याच दिवशी वायसर बदला. मोठ्यांनी तो बदलला नाही, तर मुलं दुसऱ्या दिवसापासून आपलं ऐकत नाहीत. पोषण आहाराची ताटं वाहत्या नळाखाली न धुता दोन टबांत धुवा, दुसऱ्या टबातलं पाणी परसबागेला जाऊ द्या.

अंगणवाडीत बादल्या मोठ्यांनीच भराव्यात. प्राथमिक शाळेत वरच्या वर्गातल्या मुलामुलींची पाळी लावायची असेल तर हजेरीपटाच्या क्रमाने लावा आणि यादी भिंतीवर चिकटवा. म्हणजे ते काम फक्त मुलींवर किंवा एकाच वस्तीतल्या पोरांवर पडत नाही. आणि भांडं घासणं हे कुठल्याच मुलाचं काम नाही.