सम सड्यावर अडकली

चांगलं गाणं एकट्याने ऐकून दर्दी माणसाचं भागत नाही. ते आपल्यापाशी आहे आणि दुसऱ्यापाशी नाही, हे त्या दुसऱ्याला कळल्याशिवाय त्यातल्या तानेला पुरतं तेज चढत नाही. एवढ्याचसाठी लोक एकमेकांना रेकॉर्डिंगं पाठवतात. वर 'आपल्यासारख्या जाणकारांसाठी' असं लिहितात, ते केवळ सौजन्य.

आमचा व्हॉट्सॲपवरचा कंपू दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला आहे. चिपळूणचे एक डॉक्टर, देवगडचे एक आंबा बागायतदार, बँकेतून निवृत्त झालेले रत्नागिरीचे एक काका, दापोलीच्या माजी मुख्याध्यापिका (त्यांना सगळेच बाई म्हणतात) आणि वेंगुर्ल्याचे एक संग्राहक. काका रेडिओसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक यमनात कुकरच्या शिट्ट्या असतात, आणि त्यातली तिसरी पंचमाला लागली की ते तसं आवर्जून कळवतात.

संग्राहक हा पेशा नाही, ती प्रकृती आहे. वेंगुर्ल्याच्या या गृहस्थांचा चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा, कारण त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये गवई अंतऱ्याला हात घालतो न घालतो तोच 'हे ध्वनिमुद्रण अमुक अमुक यांच्या संग्रहातून' असं ते मध्येच बोलतात. चोरी होऊ नये म्हणून. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं, तेव्हा शेवटी ती 'माय नेम इज गौहर जान' असं ठणकावून सांगायची. तबकडी छापली जायची जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि कुणाची कोणती हे तिथल्या माणसांना कळायला हवं ना! पण एक तर ती ते गाणं संपल्यावर सांगायची, आणि दुसरं म्हणजे गायलेली तीच असायची.

आपण काहीही पाठवलं तरी या गृहस्थांचं उत्तर ठरलेलं: 'माझ्याकडे ह्याहून स्वच्छ कॉपी आहे.' पाठवा म्हटलं की 'देता येणार नाही, शब्द दिलाय.' थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज तबकडीवर कधी आलाच नाही असं सगळं जग हळहळत मानतं. हे एकटे सोडून. कोल्हापूरच्या बाजूला एका वाड्यात आहे म्हणतात. ऐकलंय का? ऐकलेलं नाही. पण स्वच्छ आहे.

या मंडळींत माझी पत काय, तर एक कॅसेट. वडिलांच्या काळी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी, गणपतीत, आरत्या आटोपल्यावर ओटीवर एक मैफल झाली. आखातातून आलेल्या मामाच्या टेपरेकॉर्डरवर ती धरून ठेवली गेली. बुवा कोण ते मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की भांडण इथेच सुरू होईल. वडिलांनी खोक्यावर शाईच्या पेनाने लिहून ठेवलंय: 'अ बाजू: बुवा. ब बाजू: बुवा, पुढे चालू.' राग, ताल, तारीख, तबलजी, काही नाही. गौहरजानची दूरदृष्टी आमच्या घराण्यात नव्हती.

कोकणची हवा माडाला मानवते, माणसाला बेताची मानवते, कॅसेटला अजिबात मानवत नाही. चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना हिरवी लव, आणि फितीवर पांढरी बुरशी. आईने ती कॅसेट इतकी वर्षं तांदळाच्या डब्यात ठेवली म्हणून वाचली. तिच्यातून अजूनही कधीमधी एखादा कण पडतो. प्लेअरचा पट्टा वितळून काळा चिकट झाला होता, तो बदलून घेतला. हेड स्पिरिटने पुसलं. वायर लावून सगळं संगणकात उतरवलं. हा भाग फार लांबवण्यात अर्थ नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलेलं नाही ते कॅसेट केव्हाच भंगारात देऊन सुखी झाले आहेत.

खरा प्रसंग पुढे. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पाऊण तास. १२८च्या एमपीथ्रीत मिनिटाला साधारण एक एमबी धरलं तर अ बाजू झाली ४३ एमबीची. तेव्हा व्हॉट्सॲपवर १६ एमबीच्या वरचा ऑडिओ जात नसे. आता मर्यादा दोन जीबीची आहे म्हणतात, पण ही बातमी आमच्या गावच्या टॉवरपर्यंत पोचलेली नाही. थोडक्यात, तीन तुकडे करणं आलं. ज्यांनी विलंबित एकतालाचे तुकडे कधी केलेले नाहीत त्यांना वाटेल, त्यात काय? कापायचं कुठे? गवई तुमच्या १६ एमबीच्या हिशेबाने श्वास घेत नाही. पहिला तुकडा संपला तो बुवा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत असताना. मुखडा पहिल्या फाइलमध्ये, सम दुसऱ्या.

आमच्या घरात रेंज नाही. खळ्यात तुळशीपाशी उभं राहिलं तर मेसेज येतो, जात नाही. जायला सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, जावं लागतं. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं असतं तरी तिथून तुमच्यापर्यंत पोचलं नसतं. भर आषाढात, उघड्या कातळावर, एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने मोबाइल आभाळाकडे धरून उभा असलेला माणूस पाहिला की गाववाले समजतात, घरात कुणीतरी जास्त आहे. गुरं हाकत जाणारा एक जण थांबलाच. "काय वो भाऊ, कोन आजारी हाय काय?" म्हटलं, नाही, गाणं पाठवतोय. त्याने माझ्याकडे, मग पावसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग बरा हाय." कोण बरा, ते त्याने स्पष्ट केलं नाही.

पहिला तुकडा गेला. तिसराही गेला. दुसऱ्याचं ते वर्तुळ फिरत राहिलं, आणि वीज कडाडायला लागली तेव्हा मी पळालो. रात्री चिपळूणहून घरच्या लँडलाइनवर डॉक्टरांचा फोन. डॉक्टर शांत माणूस, पण आवाज कापरा होता. "अहो, बुवा मुखडा घेऊन निघालेत, धिं कुठाय? सम कुठाय?"

"डॉक्टर, सम सड्यावर अडकलीय."

"मी काय करू मग?"

हे त्यांच्या पेशंटने त्यांना विचारायचं वाक्य. मी त्यांना झोपायला सांगितलं. पण ते झोपले नसणार. अडलेल्या समेवर कुठल्याच पॅथीत औषध नाही.

अशा वेळी मला गायिका केसरबाई केरकर आठवतात. त्या आमच्याच किनाऱ्याच्या, गोव्यातल्या केरीच्या. त्यांची 'जात कहां हो' ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर चढवली आणि अवकाशात पाठवली. साडेतीन मिनिटांची, म्हणजे तुकडे करायचा प्रश्नच नाही. सोबत सुईसुद्धा दिलीय, आणि तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरवावी हे चित्रं काढून समजावलंय. परग्रहावरच्याने उगाच जुन्या तबकड्यांसारखी ७८वर लावू नये. व्हॉयेजर १ तर २०१२ साली सूर्याचा अंमल ओलांडून पलीकडे गेलं. तिथून ते सेकंदाला १६० बिट या वेगाने पृथ्वीशी बोलतं. मी हिशेब केला. त्या वेगाने माझी पाऊण तासाची फाइल चिपळूणला २५ दिवसांत पोचली असती, आणि आमचा आषाढ बघता हे काही वाईट नाही. शिवाय तिकडून आजवर कुणीही 'माझ्याकडे ह्याहून स्वच्छ कॉपी आहे' असं कळवलेलं नाही.

यथावकाश सम पोचली. पाऊण तासाच्या ऐवजाला पहिल्याच मिनिटात 'अवर्णनीय' असा अभिप्राय काकांकडून आला, तो धरायचा नसतो. राग कुठला, ही खरी चर्चा रात्री सुरू झाली. डॉक्टर म्हणाले भूप. बागायतदार म्हणाले देसकार. आता, दोन्हींत सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. गायला बसलेल्या माणसाला हे माहीत असतं. भांडण ऐकणाऱ्यांचं. बागायतदारांनी धैवताच्या जागा घड्याळाच्या काट्यासह मोजून पाठवल्या. डॉक्टरांनी गंधाराच्या पाठवल्या. संग्राहक म्हणाले, "राग मी ओळखलाय. पण सांगणार नाही. बघू कोण सांगतं." बाईंनी 'अवर्णनीय'मधला व दुरुस्त केला, कारण काकांनी तो ब लिहिला होता.

मग बागायतदारांनी हुकमाचं पान काढलं. तिसाव्या मिनिटाला, बुवा तार षड्जाकडे निघालेले असताना, मागे कोंबडा आरवतो. म्हणजे पहाट. म्हणजे देसकार. डॉक्टर निरुत्तर. कंपूत शांतता पसरली. मी आईला विचारलं. त्या मैफलीला हजर असलेलं आता तीच एक माणूस आहे.

"कोंबडा होय? तो वरच्या वाडीतला. मेला रात्रीबेरात्री ओरडायचा. म्हणून तर त्यांनी त्याला कापला."

"आणि राग कुठला गं?"

"मला काय ठाऊक? मी मागच्या पडवीत कप विसळत होते. तुझ्या त्या टेपात खणखण ऐकू येते ना, ती मी."

"साल कुठलं?"

"आणीबाणी उठली त्या वर्षीचा गणपती. म्हैस व्यायली होती."

म्हणजे १९७७. व्हॉयेजर सुटलं तेच साल. मी हे सगळं जसंच्या तसं कळवलं. संगीताच्या इतिहासात इतका पक्का पुरावा क्वचित मिळत असेल: साक्षीदार हयात, कोंबड्याचा अंत ज्ञात. पण जाणकारांना तो पटला नाही. संग्राहकांच्या मते मधे जो खोकला येतो तो अमक्या पेटीवाल्याचा आहे आणि १९७७ साली तो खोकत नव्हता. त्याचा खोकला ७९नंतरचा. त्यांच्याकडे तुलनेसाठी इतर खोकले आहेत. देता येणार नाहीत.

त्यात पट्टीचा घोळ. बुवा सुरू होतात काळी एकमध्ये आणि पाऊण तासाने असतात जवळजवळ काळी दोनमध्ये, म्हणजे एक अख्खा सूर वर. बागायतदार म्हणाले, "श्रुतीश्रुतीने पट्टी वर नेण्याचं हे कसब त्याच घराण्यात होतं. आता कुणाला जमत नाही." खरी गोष्ट अशी की त्या रात्री गावातली लाईट गेली आणि टेप सेलवर चालवला. सेल बसत गेले, फीत हळू फिरत गेली, आणि हळू धरलेलं गाणं पुढे नेहमीच्या वेगाने लावलं की चढतं. हे काही आमच्याच ओटीवर घडलं असं नाही. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण सुरुवातीच्या काळातल्या कित्येक त्या वेगाने मुद्रितच झालेल्या नाहीत; त्या गवयांची खरी पट्टी कुठली, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. डॉक्टरांनी एका सॉफ्टवेअरमधून आमच्या बुवांना शेवटपर्यंत काळी एकमध्ये बांधून ठेवलं. गाणं छान सरळ झालं. बागायतदारांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात ती मजा नाही. हे दुसऱ्या मैफलीचं असणार."

ब बाजू पाठवताना मला सक्त ताकीद मिळाली. तुकडे नकोत. काटछाट नको. खाकरणं, कप, कोंबडा, जे असेल ते अखंड हवं. तोवर पाऊस ओसरला होता. मी रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथूनच अख्खी फाइल चढवली आणि जेवायला बसलो.

आता ब बाजूबद्दल एक सांगायचं राहिलं. खोक्यावर 'बुवा, पुढे चालू' असलं तरी बुवा फार पुढे चालत नाहीत. द्रुत तीनताल सुरू होतो, बुवा सट्टकन एक तान घेऊन समेकडे येतात, आणि नेमकं समेवर एका बाईच्या खड्या आवाजात 'कुर्यात् सदा मंगलम्' होतं. माझ्या धाकट्या काकाच्या लग्नात घरात कोरी कॅसेट नव्हती. त्या दिवशी वडील म्हणे अक्षता टाकतानाही कुणाशी बोलले नाहीत.

संध्याकाळी मोबाइल उघडला तर शेकड्याने मेसेज. आणि नवल म्हणजे, या वेळी सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, बुवांच्या तानेनंतर ते 'मंगलम्' इतकं अचूक समेवर पडलंय की त्यांना परत ऐकावं लागलं. बागायतदारांनी मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तातल्या यतीवर लिहिलं होतं. काकांना भटजींचा षड्ज आवडला होता. मंगलाष्टकांत राग कुठला यावर एक शब्दाचाही वाद नव्हता. आणि बाईंनी, कंपू सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, कुणाचंही शुद्धलेखन न तपासता लिहिलं होतं: "तो आवाज माझ्या मावशीचा आहे. तिचं आमच्याकडे काहीच रेकॉर्डिंग नाही. पुढचं कडवं आहे का हो?"

आहे. पुढचं कडवं आहे, त्याच्या पुढचं आहे, सनई आहे, पंगतीतले उखाणे आहेत, शेवटी कुणाचं तरी लहान पोर माइकमध्ये फुंकर मारतंय तेही आहे. मी सगळं पाठवतो म्हणून कळवलं. त्यावर वेंगुर्ल्याहून लगोलग उत्तर आलं.

"ह्या लग्नाची माझ्याकडे ह्याहून स्वच्छ कॉपी आहे. देता येणार नाही."