‘५७ डेल’, २० हाडं आणि बाळंतकळा

मदर्स डे आला की फॅमिली ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘माणसाचं शरीर जास्तीत जास्त ४५ डेल वेदना सोसू शकतं. बाळंतपणात बाई ५७ डेल सोसते. एकाच वेळी २० हाडं मोडावीत तशा या वेदना असतात. म्हणून आईला जपा.’ आईला जपायलाच हवं. पण त्याआधीची तिन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि त्यांचा भुर्दंड लेबर रूममधल्या बाईला बसतो.

‘डेल’ नावाचं एकक वैद्यकात नाहीच. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी ‘डोल’ नावाचं एकक काढलं होतं. कातडीवर उष्ण किरण सोडायचा आणि माणसाला किती दुखतं ते विचारायचं. कळा सुरू असलेल्या बायकांवरही हा प्रयोग झाला: दोन कळांच्या मधे हाताला चटका द्यायचा आणि कळ याहून जास्त होती की कमी, हे तिनं सांगायचं! त्या मोजपट्टीचं वरचं टोक होतं १०.५. तिथे ४५ नाही, ५७ तर नाहीच. पुढे इतरांना तसे निकाल मिळेनात आणि ती पद्धत मागे पडली. शिवाय सोसण्याची कमाल मर्यादा ४५ असेल, तर ५७ सोसले कुणी?

हाडांच्या तुलनेला तर कसलाच आधार नाही. मोडलेलं हाड म्हणजे इजा. कळ म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचं आकुंचन. पिशवीचं तोंड ताणलं जातं, म्हणून ओटीपोटात आणि कंबरेत दुखतं. कळ चढते, मिनिटभर टिकते, ओसरते, मधे उसंत मिळते. मोडलेलं हाड अशी उसंत देत नाही. या उसंतीतच बाई पाणी पिते, कूस बदलते, पुढच्या कळेसाठी श्वास सावरते. पहिलटकरणीला हे कुणी सांगितलेलंच नसतं. तिच्या डोक्यात २० हाडं असतात, म्हणून मधल्या वेळातही ती अंग आखडून पडून राहते.

मेसेज सगळ्या बायकांना एकच आकडा देतो. कॅनडातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली मांडली आणि पुढे ती बाळंतपणातही वापरली. पहिलटकरणींच्या वेदना सरासरीनं जास्त निघाल्या, पण बाईबाईत प्रचंड फरक होता: काहींना थोडकंच दुखलं, काहींना असह्य. म्हणून ‘शेजारची गप्प बाळंत झाली, तुलाच काय झालं?’ हा प्रश्न निव्वळ क्रूर आहे. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे तर त्याहून वाईट, आणि ते आपल्याकडे आजही ऐकवलं जातं.

मला सगळ्यात खटकतो तो मेसेजचा शेवट. वेदनेवरून आईची थोरवी ठरवली, की एपिड्युरल (कळा बधिर करायला पाठीच्या कण्याजवळ दिलं जाणारं औषध) घेणारी नाजूक ठरते आणि सिझेरियनवाली ‘सुखासुखी सुटलेली’. पोटावर टाके असताना दर दोन-तीन तासांनी उठून बाळाला घेणारीला विचारा, ते किती सुखाचं असतं. एपिड्युरलनं जन्मभर कंबर दुखते, ही भीतीही चाचण्यांत टिकलेली नाही. तोटे आहेत: रक्तदाब उतरू शकतो, जोर करण्याचा टप्पा लांबू शकतो, शंभरात एखादीचं डोकं काही दिवस जबर दुखतं. हे तिला आधी सांगावं आणि निर्णय तिच्यावर सोडावा.

औषधाशिवायही कळा सुसह्य होतात, आणि त्यात सोबतीचा वाटा मोठा आहे. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. सतत कुणीतरी जवळ असलेल्या बायकांमध्ये सिझेरियन आणि वेदनाशामकांची गरज कमी दिसली, बाळंतपणही थोडं लवकर उरकलं. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत अशा सोबतीला परवानगी दिली. तरी अनेक ठिकाणी आई थर्मास घेऊन बाहेर व्हरांड्यात बसलेली असते आणि आत मुलगी, जिची कंबर त्या क्षणी कुणीतरी चोळायला हवी, टेबलाची कड धरून एकटी असते.

ग्रुपवर कुणाला आठवा लागला असेल, तर त्या मेसेजऐवजी दवाखान्यात विचारायचे प्रश्न पाठवा. कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? उठून चालू देता का? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? एपिड्युरलचे पैसे वेगळे किती?