मायक्रोफोन बंद केला, पुढे काय?

दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्याने फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच. फोन चोवीस तास आपलं बोलणं ऐकतो. खात्री करायची तर फोनजवळ गादीचा विषय काढा, तासाभरात गादीची जाहिरात दिसेल. ॲपलने तर साडेनऊ कोटी डॉलर भरून गुन्हा कबूल केलाय. तेव्हा मायक्रोफोनची परवानगी काढून टाका आणि निर्धास्त व्हा. पाठवणाऱ्याला आपली काळजी असते, यात शंका नाही. पण यातलं ‘निर्धास्त व्हा’ हेच सगळ्यात महागात पडणारं आहे.

आधी ते चोवीस तास पाहू. बोलणं कळण्यापुरता आवाज दाबून दाबून सेकंदाला 16 किलोबिटवर आणला, तरी दिवसाचे सुमारे 170 एमबी आणि महिन्याचे 5 जीबी होतात. एवढा डेटा रोज बाहेर जात असता तर वापराच्या आकड्यात तो कधीच दिसला असता, आणि अशा गोष्टी शोधण्यातच हयात घालवणाऱ्या संशोधकांच्या नजरेतून तर सुटलाच नसता. कुणी म्हणेल, आवाज कशाला पाठवायचा, फोनमध्येच त्याचा मजकूर करायचा. करता येतो. पण दिवसभर अखंड ते काम करणाऱ्या फोनची बॅटरी लपून राहत नाही. ‘हे सिरी’ किंवा ‘ओके गूगल’ अशी हाक मारली की फोनमधला बोलका सहायक जागा होतो; त्या हाकेसाठी जागा असलेला भाग वेगळा. तो अगदी कमी विजेवर चालतो आणि ठरलेला ध्वनी जुळला की नाही, एवढंच पाहतो. गादीवरची चर्चा त्याला कळत नाही.

2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं भलतंच: काही ॲप्स स्क्रीनवर काय चाललंय ते टिपून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. याचा फॉरवर्ड मात्र कुणी बनवला नाही.

मायक्रोफोनचा गैरवापर झालेलाच नाही, असं माझं म्हणणं नाही. स्पेनच्या ला लिगा या फुटबॉल लीगने 2018 मध्ये स्वतःच मान्य केलं, की तिचं ॲप सामन्याच्या वेळी मायक्रोफोन आणि लोकेशन वापरून आसपास सामन्याचं प्रक्षेपण चालू आहे का ते ओळखतं. परवाना न घेता सामने दाखवणारे बार तिला पकडायचे होते. म्हणजे चाहत्यांचे फोन तिने फुकटचे खबरे म्हणून वापरले. तरी तिथेही शोध प्रक्षेपणाच्या ध्वनीचा होता, माणसांच्या बोलण्याचा नाही.

आता ॲपल. 2019 मध्ये उघड झालं, की त्याची सहायक सिरी चुकून जागी होऊन जे रेकॉर्ड करते त्यातलं काही, दर्जा तपासण्यासाठी, कंत्राटी माणसं ऐकत होती. हे गंभीरच होतं आणि ॲपलला ते काम तेव्हा थांबवावंही लागलं. त्यावरून झालेल्या दाव्यात जानेवारी 2025 मध्ये 9.5 कोटी डॉलरची तडजोड पुढे आली. काही वादींनी बोलण्यावरून जाहिराती दिसल्याचा आरोपही केला होता. तो कोर्टात सिद्ध झाला नाही आणि ॲपलने कसलाही दोष कबूल केला नाही. तडजोड म्हणजे कबुली नव्हे.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत कॉक्स मीडिया ग्रुपचंही नाव असतं. या कंपनीने ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ नावाने संभाषणांवर आधारलेल्या जाहिराती विकायला काढल्याचं 2023 च्या अखेरीस समोर आलं. बोभाटा झाल्यावर, आपण कुणाची संभाषणं ऐकत नाही, असं तीच कंपनी म्हणाली. एरवी जाहिरातीतल्या एका शब्दावर विश्वास न ठेवणारी माणसं जाहिरात विकणाऱ्याचं विक्रीपत्रक मात्र पुरावा म्हणून धरतात!

राहिला गादीचा प्रयोग, आणि तो खरंच पटण्यासारखा आहे. पण गादीचा विषय तुम्हाला सुचला कुठून? बऱ्याचदा जाहिरात आधीपासून डोळ्यांपुढून जात असते, लक्ष मात्र बोलून झाल्यावर जातं. दिवसभरात नजरेखालून गेलेल्या आणि कशाशीच न जुळलेल्या जाहिरातींचा हिशोब कोण ठेवतो? शिवाय तुम्ही नुसते बोललात, पण ज्याच्याशी बोललात त्याने कदाचित पाठदुखीवर काही शोधलं असेल. तुम्ही दोघं एकाच वायफायवर असता, एकमेकांच्या संपर्कयादीत असता, रात्री दोघांचे फोन एकाच छताखाली असतात. एका घरातली उपकरणं आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, एकमेकांशी जोडणं हा जाहिरात धंद्यातला रोजचा व्यवहार आहे. दुकानांच्या वेबसाइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा, पिक्सेल नावाचा कोड बसवलेला असतो. तिथे तुम्ही काय पाहिलंत, कुठली वस्तू टोपलीत टाकून तशीच सोडलीत, हे तो परस्पर कळवतो. तुमच्या वयाची, तुमच्यासारख्या सवयींची माणसं काय घेतात, हा अंदाज वेगळाच. इतकं हाताशी असताना गप्पांचा गोंगाट उपसत कोण बसेल?

लोकेशनचं तर विचारूच नका. 2013 मध्ये 15 लाख माणसांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की कुठल्या वेळी कुठे होता असे फक्त चार ठिपके मिळाले, तर 95 टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. नावाची गरजच नाही. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, यावरून नाव काढणं पुढचं काम. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कोचावा या डेटा-दलाल, म्हणजे लोकांची माहिती विकणाऱ्या, कंपनीवर खटला भरला. आरोप असा, की ती विकत असलेल्या माहितीवरून दवाखाने, प्रार्थनास्थळं आणि छळातून सुटलेल्यांचे निवारे इथे कुणाचा फोन गेला, याचा माग काढता येतो. इथे जाहिरात छळत नाही. जीव वाचवायला घर सोडून आलेल्या बाईचा पत्ता फुटतो. मायक्रोफोन बंद असला तरीही.

म्हणून मेसेजमधला सल्ला अर्धाच घ्या. ज्या ॲपला मायक्रोफोन लागत नाही त्याची परवानगी जरूर काढा. आयफोनवर आयओएस 14 पासून आणि अँड्रॉइड 12 पासून मायक्रोफोन चालू असताना स्क्रीनच्या वरच्या कडेला खूण दिसते, तिच्यावरही नजर ठेवा. पण त्याआधी कुठल्या ॲपला लोकेशनची ‘नेहमी’ परवानगी आहे ते पाहा आणि ती ‘वापरताना’वर आणा. अँड्रॉइडवर जाहिरातींचा ओळख क्रमांक डिलीट करा. आयफोनवर ॲपने माग काढण्याची परवानगी मागितली तर नकार द्या. फोन नंबर देताना हात जरा आखडता घ्या. 2019 मध्ये फेसबुकला 5 अब्ज डॉलरचा दंड झाला, तेव्हाच्या आरोपांत एक असाही होता, की खात्याच्या सुरक्षेसाठी घेतलेले नंबर त्याने जाहिरातींसाठीही वापरले.

आणि संपर्कयादी मागणाऱ्या ॲपला होकार देण्याआधी थांबा. त्या यादीत तुमचं स्वतःचं फारसं काही नसतं. असतात ते दुसऱ्यांचे नंबर, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.