कमरेखाली जीव नाही मग दुखतं कसं, असं विचारणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला गेल्या पंधरा दिवसांत चार ग्रुपवर आला, तिथं मी काही बोललो नाही. पण मागच्या रविवारी तोच मामीच्या मोबाईलवर दिसला, बचत गटाच्या ग्रुपवरून आलेला, आणि तो वाचून मामीनं मामांची रात्रीची गोळी बंद केली त्याला तीन दिवस झाले होते. म्हणून आता लिहायलोय, आणि हो, चिडूनच लिहायलोय.

मामा अंबाजोगाई तालुक्यातले. तीन वर्षांमागं शेळ्यांना पाला काढायला कडुलिंबावर चढले आणि फांदीसकट खाली आले. मणका मोडला, डी-टेनला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला मार बसला, बेंबीच्या खाली ना हालचाल ना स्पर्श. आणि तरी रोज रात्री दोन्ही तळपायांची आग होते. "भट्टीत पाय घातल्यावानी व्हायलंय रे" असं म्हणतेत.

मेसेजमधी काय आहे ते थोडक्यात सांगतो. मज्जारज्जू तुटला की मेंदूला निरोपच जात नाही, त्यामुळं कमरेखाली दुखणं शक्यच नाही, पेशंट दुखतं म्हणत असेल तर तो मनाचा खेळ आहे, लक्ष देऊ नका. मग पुढच्याच ओळीत, दुखत असेल तर नसा जाग्या व्हायल्यात, आनंद माना. डॉक्टर देतात त्या गोळ्या नशेच्या आहेत, आजच बंद करा. वाळू गरम करून सहन होईल तेवढा शेक द्या. रात्री दूध-जायफळ द्या.

पहिल्या दोन ओळीच एकमेकीला खोटं पाडतात. दुखणं शक्य नाही म्हणता आणि दुखलं तर आनंद माना म्हणता, यातलं खरं कोणतं?

मनाचा खेळ हे सगळ्यात वाईट आहे, कारण ते अर्धं खरं वाटतं. निरोप जात नाही हे खरंच आहे. मामांच्या पायात काटा मोडला तर त्यांना कळत नाही. पण दुखणं पायात तयार होतं आणि तारेतून मेंदूत जातं असं थोडंच आहे, दुखणं जाणवतं ते मेंदूतच, तुमचंही आणि माझंही. १९७८ साली दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड मेल्झॅक आणि जॉन लोसर या दोघांनी 'पेन' नावाच्या नियतकालिकात असे पेशंट मांडले होते ज्यांच्या मज्जारज्जूचा तुकडाच ऑपरेशन करून काढून टाकलेला होता. म्हणजे नुसती नस दबलेली नाही, मधला रस्ताच नाही. तरी त्यांचं खालचं अंग दुखतच होतं. ही गोष्ट जवळपास पन्नास वर्षांपूर्वी छापून आलीय, आणि आपण अजून माणसाला खोटारडा ठरवायलोय.

मग दुखणं येतं कुठून? मेंदूच्या आत थॅलॅमस म्हणून भाग आहे, अंगभरातून येणाऱ्या बहुतेक संवेदना तिथून पुढं जातात. खालून येणारे निरोप बंद पडले की तिथल्या पेशी गप्प बसत नाहीत, आपल्याआपण झटक्याझटक्यानं सिग्नल सोडायला लागतात, मज्जारज्जूला मार लागलेल्या पेशंटच्या मेंदूत तार घालून डॉक्टरांनी हे नोंदवलेलं आहे. डोक्याला बाहेरून तारा लावून ईईजी काढतात त्यातही फरक दिसतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्क जेन्सन आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१३ मधी तपासलं, तर मज्जारज्जूच्या इजेनंतर कायम दुखणं असलेल्यांच्या मेंदूत थीटा नावाच्या संथ लहरी जास्त आणि अल्फा कमी निघाल्या. अल्फा म्हणजे आपण डोळे मिटून निवांत बसलो की वाढतात त्या. आता कुणी म्हणेल मामांचा ईईजी काढून दाखव, तर तसं होत नाही, ही गटागटाची तुलना आहे, एका माणसाचं दुखणं खरं का खोटं हे ईईजीवरून ठरत नाही. पण मेंदूचं कामच बदललेलं असतं एवढं यातून नक्की कळतं. मेंदूत आहे म्हणजे मनानं रचलंय असा अर्थ काढणाऱ्यांनी फिट येणाऱ्या माणसालाही नाटकी म्हणावं मग, फिट पण मेंदूतच असते.

एक गोष्ट मान्य करतो. टेन्शन असलं, झोप झाली नाही, घरात भांडण झालं की मामांची आग वाढते. ते खरंय. बार्सिलोनात २०१० मधी असाही प्रयोग झाला की पेशंटला समोर आरशात स्वतःचं वरचं अंग आणि त्याच्याखाली पडद्यावर चालणारे पाय दाखवले, सोबत डोक्याला हलका करंट दिला, आणि दुखणं कमी झालं. म्हणजे मेंदूला समजावता येतं थोडंफार. पण समजावणं वेगळं आणि "मन खंबीर करा" म्हणून तोंड फिरवणं वेगळं. तो मेसेज घरात आल्यापासून मामांनी रात्री सांगायचंच बंद केलं होतं. मामी दर रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलते, तिला वाटलं आराम पडला. ते दात आवळून पडून होते.

शेकाचं तर मला बोलताना हात थरथरतात. 'सहन होईल तेवढा गरम', अरे ज्या माणसाला बेंबीखाली ऊन-थंड कळत नाही त्याला सहन होतंय का नाही हे कळणार कसं? मामीनं स्वतःच्या हाताला लावून पाहिलं, मग मामांच्या टाचेला वाळूची पुरचुंडी धरून ठेवली, दहा मिनिटं. मामा काहीच बोलले नाहीत, त्यांना कळलंच नाही. सकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. अशा अंगाची जखम भरायला महिने जातात, चिघळली तर हाडापर्यंत जाते. गरम पाण्याची पिशवी, वीट, तवा, लॅपटॉप, काहीही असो, स्पर्श नसलेल्या कातडीवर ठेवायचं नाही.

गोळीचं सांगतो. मामांची गोळी प्रेगाबॅलिन, मेडिकलवाला तिला फिटची गोळी म्हणतो, आणि ती फिटलाही देतातच. जास्त पेटलेल्या नसांना शांत करते. २०१२ मधी अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं खास मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या या दुखण्यासाठी तिला मंजुरी दिली. तिनं झापड येते, पाय सुजतात, सगळ्यांना लागू पडत नाही, काही लोक नशेसाठीही खातात, हे सगळं खरं. पण एकदम बंद केली तर घाम, मळमळ, झोप उडणं, कधी फिटसुद्धा येऊ शकते. कमी करायची तर डॉक्टरला विचारून हळूहळू.

नसा जाग्या व्हायल्यात याला आधार नाही, पूर्ण इजा झालेल्यांनाही ही आग होते. उलट जुन्या पेशंटचं दुखणं अचानक वाढलं तर लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर, मज्जारज्जूत पाणी साठणं, असं काही नाही ना ते बघावं लागतं. दूध-जायफळाला माझी हरकत नाही, प्या.

गोळी डॉक्टरांशी बोलून सोमवारपासून परत सुरू केलीय. टाचेचं ड्रेसिंग दिवसाआड चालू आहे, आणि मामी अजून मामांच्या पायाकडं बघितलं की रडते, तिला मी सांगून थकलो की चूक तुझी नाही, ज्यानं हे लिहिलं त्याची आहे.