इथेच घोडं पेंड खातं

मराठी माणूस आयुष्यात दोनदा घोड्यावर बसतो. लहानपणी माथेरानला आणि मोठेपणी वरातीत. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्याच हातात. एवढ्या भांडवलावर चाळिशीत घोडेस्वारीच्या क्लासला नाव घालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मीही त्यांतलाच, म्हणून जरा जास्तच.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे आपल्याला पाठ असतं. पण घोड्याला शेपटामागचं दिसत नाही, तसं थेट कपाळासमोरचंही दिसत नाही. आपण मात्र ‘कित्ती गोड!’ म्हणत नेमका तिथेच हात नेतो. जायचं ते त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत. डावीकडूनच का, तर पूर्वी तलवार डाव्या कमरेला लटकायची. आता तिथे मोबाइल लटकतो, पण रीत तीच.

मग तंग, म्हणजे खोगीर जागेवर ठेवणारा पोटाखालचा पट्टा. फोटोसाठी आपण पोट आत घेतो, घोडा तंग आवळताना फुगवतो. त्यामुळे पट्टा घट्ट वाटतो, आणि चार पावलांनी पोट जागेवर आलं की सैल पडतो. अशा वेळी रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या लोंबत्या कडीत, पाय टाकला, तर खोगीर स्वारासकट पोटाकडे निघतं. म्हणून आवळायचा हप्त्याहप्त्याने, थोडं चालवून पुन्हा, चढण्याआधी पुन्हा. रिकिबीचं माप सोपं आहे: बोटांची टोकं वरच्या बकलाला, हात सरळ, आणि रिकीब काखेत आली पाहिजे.

चालीत सगळेच शूर असतात. खरी परीक्षा दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग दुसरी जोडी. दोनच ठेके. खोगीर वर येतं तेव्हा आपण खाली येत असतो, आणि ही भेट फार जिव्हाळ्याची नसते. उपाय म्हणजे एका ठेक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. घोड्याचा बाहेरच्या बाजूचा, म्हणजे रिंगणाच्या कडेकडचा, खांदा पुढे गेला की उठा. जोर लावू नका, उसळी तोच देतो.

पण घाबरलेला माणूस गुडघे आवळतो. टाचा वर चढतात आणि बरगड्यांना लागतात. घोड्याच्या भाषेत याचा अर्थ ‘चल’. त्याच वेळी हात लगामाला लोंबकळतात, त्याचा अर्थ ‘थांब’. घोडं पेंड खातं ते इथे. शाळेतला अनुभवी घोडा अशा वेळी सरळ उभा राहतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

त्याच्यापासून काही लपत नाही. 1904 साली बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी गुपित शोधलं: बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, हान्स ते पाहून थांबायचा. ही जात दुरून एवढं वाचते, तर पाठीवर बसून ‘मी अजिबात घाबरलो नाही’ कोणाला सांगायचं? त्यापेक्षा श्वास लांब सोडावा, गुणगुणावं. बेसूर चालतं. गाताना श्वास रोखता येत नाही, एवढाच हिशेब.

उतरल्यावर आपल्या मांड्यांआधी त्याच्याकडे बघायचं. तंग सैल, थोडी फिरवणी, खूर खरवडणं, पाठीवर खरारा. मग गाजर, पण सपाट तळव्यावर, अंगठा बोटांना चिकटवून. ओठांसमोरचं घोड्याला दिसत नाही, आणि मोकळा अंगठा गाजराएवढाच भरतो.