कुंडीच्या मातीवर बुरशी आली म्हणून ब्लीच ओतायला निघालेल्यांनो, जरा थांबा

एक फॉरवर्ड फिरायलाय ग्रुपांवर, आणि काल तो आमच्या आत्यानंच मला पाठवला, खाली लिहिलेलं की तू पण करून घे, मी ब्लीच आणायला सांगितलंय. म्हणून बसलो लिहायला. त्यात काय म्हणायलेत ते थोडक्यात सांगतो. पोत्यात साठवलेल्या कुंडीच्या मातीवर पांढरी बुरशी दिसली की माती विषारी झाली, हीच ती कोरोनातली म्युकरची बुरशी, रोपं एका रात्रीत मरतात. उपाय म्हणजे ब्लीच आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन मातीत ओता, नाहीतर मूठभर खडे मीठ, नाहीतर दालचिनी, नाहीतर कुकरात चार शिट्ट्या, आणि हे काहीच जमलं नाही तर माती फेकून द्या.

आधी ब्लीच-व्हिनेगरचं बोलतो, कारण बाकीच्या उपायांनी फार तर कुंडी जाईल, ह्यानं माणूस दवाखान्यात जाईल. ब्लीचमधे सोडियम हायपोक्लोराइट असतं, व्हिनेगर म्हणजे आम्ल. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं शत्रूवर सोडला होता तोच वायू! घरी तेवढा निघत नाही हे मान्य, पण तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि कुंडीचं काम आपण करतो उकिडवं बसून, तोंड मातीशी, त्यात फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद केलेली. डोळे चुरचुरतात, खोकला सुटतो, छाती आवळते, दमा असला तर विचारूच नका. आणि कळस म्हणजे मेसेजच्या शेवटी कुणीतरी जोडलंय की व्हिनेगर नसेल तर संडास धुवायचं ॲसिड चालेल. अरे, ते तर त्याहून वाईट! कुणी केलंच असेल तर बघत बसू नका, घरातल्या सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा, धाप थांबेना तर सरळ डॉक्टर.

आता विषारीचं. कापसासारखा जो पांढरा थर दिसतो ती बहुतेक वेळा सडक्या पाल्यावर, कोकोपीटवर, अर्धवट कुजलेल्या शेणखतावर जगणारी बुरशी असते, जिवंत झाडाशी तिला काही घेणंदेणं नाही. ओली माती भरून पोत्याचं तोंड आवळून बांधलं तर ती येणारच ना. आणि बुरशी म्हणजे विष असतं तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ट्रायकोडर्मा वापरा म्हणून शेतकऱ्यांना कशाला सांगितलं असतं? ती बुरशीच आहे की! मर रोग येऊ नये म्हणून हरभऱ्याच्या, तुरीच्या बियाण्याला चोळतात, शेणखतात मिसळून रानात टाकतात, आधी पांढरी दिसते मग हिरवी होते. आत्याच्या घरी मामा स्वतः पेरणीच्या आधी हरभऱ्याला ती चोळतात, आणि त्याच घरात आत्या म्हणायली बुरशी दिसली, माती फेक.

शिवाय पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असंही नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल बदलणाऱ्याला विचारा. कुंडीत वरून जी पांढरी पापडी धरते ती पुष्कळदा त्या पाण्यातल्या क्षारांची असते. बोटानं चुरून बघा, खरखरीत लागलं तर क्षार, तंतू निघाले आणि कुबट वास आला तर बुरशी. आता अशा मातीत वरून खडे मीठ टाकायचं म्हणजे कमालच, बुरशीचं माहीत नाही पण झाड नक्की जाईल.

म्युकरचं मात्र थोडं ऐकून घ्यावं लागेल. 2021 मधे आपल्याकडं लोकांचे डोळे गेले, जबडे गेले, भीती बसलीय ती उगं नाही. आणि त्या जातीच्या बुरश्या मातीत, सडक्या पाल्यात असतात हेही खरंय. पण अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोग नियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, ह्यावर स्वच्छ लिहिलंय, की त्या वातावरणात सगळीकडं असतात, बहुतेक लोकांना त्यांनी काहीच होत नाही, माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि आजार होतो तो मुख्यतः ताब्यात नसलेली शुगर, स्टेरॉइड, कॅन्सर, अवयव प्रत्यारोपण अशा लोकांना. म्हणजे पोत्यातली माती वेगळी धोक्याची नाही. तरी शुगर वाढलेली असली किंवा दमा असला तर असलं पोतं स्वतः उपसू नका, दुसऱ्याला सांगा. ज्यानं उपसायचं त्यानं आधी पाणी शिंपडावं, धूळ उडत नाही, एन-95 मास्क आणि हातमोजे घालावेत. आत्याला शुगर आहे, म्हणून एवढं नाइलाजानं मान्य.

रोपं मरतात ह्यातही चिमूटभर तथ्य आहे. बी टाकायला अशी जुनी ओलसर माती घेऊ नका, कोवळी रोपं बुडातून कोलमडतात, पण ते करणाऱ्या बुरश्या वेगळ्या. आणि पांढऱ्या जाळीत मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती खोड कुजवणारी बुरशी समजा, ती माती खरंच काढून टाका, कंपोस्टात पण नको.

दालचिनीनं फार तर वरचा थर दबतो. कुकरात माती शिजवली की चांगले जीव पण मरतात आणि मग जी बुरशी पहिली येऊन पडेल ती बिनधास्त पसरते.

फेकायचं तर नावच काढू नका. आपली काळी माती कुंडीत घातली की ओली असली तर चिखल आणि वाळली की भेगा, म्हणून लाल माती नर्सरीतून विकत आणतो आपण. ताडपत्रीवर पातळ पसरा, वरखाली करा, उन्हात चांगली वाळू द्या. पावसाची झड लागली असेल तर पोर्चमधे नाहीतर पंख्याखाली पसरा. मग गोणपाटाच्या पोत्यात भरून विटांवर ठेवा, तोंड सैल. भरायच्या आधी मुठीत दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे, भरू नका.