डिचोलीकरांना उत्तर: गोळ्या, धडधड आणि नागेशीची तळी

डिचोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि खरं सांगते, रागच आला. सोमवारी पुन्हा वाचली तेव्हा निम्मी पटली. म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दोन वर्षांपूर्वी मला धास्ती, उदासी आणि 'आपल्याला हार्टचं काहीतरी आहे' या भयाने घेरलं होतं, आणि चालायला लागल्यावर ते मागे हटलं. त्यावर तुमचे तीन आक्षेप. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला 'चालायला जा' सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ. असलेच लेख वाचून तुमच्या मेव्हण्यांनी गोळ्या बंद केल्या आणि महिन्याभरात ते पुन्हा आडवे झाले. आणि ती धडधड खरंच हृदयाची निघाली तर जबाबदार कोण, 'तुम्ही काय डॉक्टर आहात?'

नाही. मी शाळेत क्लार्क आहे.

मेव्हण्यांचं आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. चालायला लागले तेव्हा मी धास्ती-उदासीवरच्या गोळ्या घेत होते. लेखात ते लिहिलं नाही. का? लाज वाटली म्हणून. आमचं बांदोडे गाव केवढं, जवळच्या फोंड्यातला फार्मसीवाला तोंडओळखीचा. पहिले तीन महिने मी त्या गोळ्या पणजीहून आणत होते, कदंबा बसच्या तिकिटाचे पैसे घालून. आणि लेख लिहिताना मात्र सगळं श्रेय पायांना दिलं! गोळ्यांचा गुण यायला मला महिना-सव्वा महिना लागला. पहिल्या पंधरवड्यात तर अस्वस्थपणा वाढलाच होता. चालणं सुरू झालं सहाव्या आठवड्यात. तेव्हा कशाने किती बरं वाटलं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. १९९८ साली जर्मन डॉक्टरांनी पॅनिकच्या (अचानक भीतीचे झटके येण्याच्या आजाराच्या) रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: दहा आठवडे काहींना धावायला लावलं, काहींना क्लोमिप्रामिन हे औषध दिलं, काहींना नुसती औषध नसलेली खोटी गोळी. धावणारे खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरे झाले, पण खऱ्या औषधाचा गुण जास्त आणि लवकर आला. धावणाऱ्यांतले बरेच जण मधेच सोडूनही गेले. हे मला लेख लिहितानाही माहीत होतं.

मेव्हण्यांना एवढंच सांगा की या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात. चक्कर, झोप उडणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, हे सगळं एकदम सोडल्यामुळेही होतं, आणि माणसाला वाटतं आजारच वाढला. कमी करायच्या त्या डॉक्टरच्या हाताने, हळूहळू. डॉक्टरकडे जायला मन घेत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रीबेरात्रीही चालतो.

आता हृदयाचं. चालण्याआधी मी तपासून घेतलं होतं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी झालं तरी धडधडतं, म्हणून ते बघायलाच हवं. सगळं नॉर्मल आलं. गंमत त्यापुढची आहे. त्या वर्षात मी आणखी तीन ईसीजी काढले. दर वेळी रिपोर्ट हातात आला की मन हलकं व्हायचं, आणि ते हलकेपण टिकायचं दोन दिवस. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर उशीखाली असायचा. रात्री दोनला बोट घालून बघायचं, ९८; पाच मिनिटांनी परत. आमच्या डॉक्टरांनी शेवटी विचारलं, 'पाचवा ईसीजी काढला तर तुमचा विश्वास बसेल?' मी 'हो' म्हटलं आणि तिथेच मला माझं हसू आलं.

मग त्यांनी एक विचित्र काम सांगितलं. घरातच, उभ्या जागी, मिनिटभर जोरात पाय उचलायचे. छाती धडधडली की खुर्चीत बसायचं आणि काहीही करायचं नाही. बोट मानेवर न्यायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. नुसतं बसायचं. पॅनिकच्या उपचारात हे मुद्दाम करून घेतात, मला नंतर कळलं. भीती वाटली की जे होतं (धडधड, घाम, दम लागणं) तेच जिना चढल्यावरही होतं. शरीराकडे दोन्हींसाठी भांडवल एकच. घाबरलेलं मन जिन्याच्या धडधडीलाही अटॅक समजतं, त्या भीतीने धडधड आणखी वाढते, मग खात्रीच पटते. मी म्हणूनच वर्षभर जिने टाळत होते, बाजारात उतारानेच जायचं असं बघत होते, आणि बसून बसून इतकी ढिली झाले होते की चार पायऱ्यांतच दम लागायचा. तो दम बघून पुन्हा भीती.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसले तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, मानेकडे जाऊ नयेत म्हणून. घड्याळाचा काटा दिसत होता. चार मिनिटं गेली आणि धडधड आपसूक उतरली. दहाव्या-बाराव्या वेळी खुर्चीत बसल्यावर मी आज भाजी कुठली करायची याचा विचार करत होते. मन कंटाळलं होतं. मला हवा होता तो गुण हाच.

तरी तुमची काळजी रास्त आहे, आणि हे लेखात हवं होतं: श्रम केले की छातीत दुखतं किंवा दडपतं आणि थांबलं की थांबतं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातं, चालताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो, यातलं काही असेल तर धास्ती म्हणून सोडून द्यायचं नाही. व्यायाम बंद आणि आधी डॉक्टर. दुखणं थांबत नसेल तर १०८ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. ज्याला उठवत नाही त्याला 'चल, फिरून ये' म्हणणं क्रूर आहे, मान्य. पण 'आधी बरं वाटू दे, मग उठ' हेही मी वर्षभर करून बघितलंय. बरं वाटतच नाही. आपल्याच गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगात संस्थेने १० आरोग्य केंद्रांवर यावर काम केलं, त्याचा अहवाल २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या, आणि गाभा हाच की मन उभारी घेईल याची वाट न बघता आधी एखादी छोटी कृती करायची. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक सावरले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९. तो व्यायामाचा प्रयोग नव्हता, हेही सांगते, नाहीतर तुम्ही पुन्हा पकडाल. कृती कुठलीही चालते.

प्रश्न छोटी म्हणजे किती, हा आहे. माझी पहिल्या आठवड्यातली कृती होती चपला घालून गेटपर्यंत जाणं आणि पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे (गोल पाव) घेणं. बूट नाहीत, घड्याळ नाही. तिसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर पंचवीस पावलं गेले आणि परत फिरले. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, 'कितें गो, बेगीन परतली?' (काय गं, लवकर परतलीस?) मी आत येऊन रडले. चौथा दिवस अंथरुणातच गेला. पाचव्या दिवशी पुन्हा उंडे.

नागेशीच्या देवळाच्या तळीपर्यंत पोचायला दोन महिने लागले. एरवी दहा मिनिटांची वाट. पायऱ्यांवर बसून मासे बघितले आणि रिक्षाने घरी आले. (रिक्षावाल्याला वाटलं देवदर्शनाला आले होते. मी त्याला तसंच वाटू दिलं.) पावसात सगळं बंद पडलं, मग घरातल्या सोप्यावर येरझाऱ्या. बावीस पावलांचा सोपा आहे आमचा. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथवर जायला मला आठ महिने लागले. पण काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं, हेही त्याच सूचनांत आहे, आणि ते वाक्य कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही.

वेगाचं एक. २२० वजा वय, म्हणजे नाडी जास्तीत जास्त किती जावी, हा हिशेब मी सुरुवातीला करत बसायचे. धडधडीसाठी मला प्रोप्रानोलॉल ही गोळी होती, तिने नाडी मुळातच दबते, त्यामुळे तो आकडा माझ्या कामाचा नव्हताच. नाडी मोजणाऱ्याला पुन्हा नाडीच मोजायला लावणं हेही एक शहाणपणच! आता मी एवढंच बघते की शेजारणीशी बोलता येतंय पण आरती म्हणता येणार नाही. तेवढा वेग पुरे.

मागच्या लेखातलं 'चालायला लागले आणि आजार मागे हटला' हे वाक्य आज बदललं. आता तिथे आहे: 'गोळ्या चालू होत्या, तपासण्या झाल्या होत्या, आणि सहाव्या आठवड्यात मी गेटपर्यंत गेले.' मेव्हण्यांना दाखवायचं असेल तर नवीन दाखवा.